रुबियेमचा शब्द आणि हार्तोयोचा पंप

वातुसारीत कुणाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. पाहुणा दारात आला की त्याला चटईवर बसवायचं, साखर सढळ हाताने घालून चहा द्यायचा आणि तो जे म्हणेल त्याला मान डोलवायची. तो वळणापलीकडे गेला की काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जावाच्या ह्या चुनखडीच्या डोंगरांत माणसं अशीच वाढली आणि ह्याला ती संस्कार म्हणतात. म्हणोत बापडी. किळस येण्यासारख्या बऱ्याच गोष्टींना गोड नावं असतात.

निवडणुकीच्या वर्षी ह्या संस्काराला भलताच बहर येतो. जिल्हा सभेला उभे राहिलेले उमेदवार एकामागून एक घाट चढून येतात. एकाने मशिदीला गालिचे दिले, दुसऱ्याने सभाघराला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. दोघांनाही 'पाक', म्हणजे बाबा, म्हणत वस्तीने सारखंच सांगितलं, "मत तुमचंच, पाक. दुसऱ्या कुणाला देणार आम्ही?" गालिचेवाला खूश होऊन गेला, खुर्चीवालाही खूश होऊन गेला. वस्ती गालिच्यावर नमाज पढली, खुर्च्यांवर बसली आणि दोघांनाही विसरली.

ह्या सगळ्यात एकच बाई वेगळी होती. रुबियेम. ती हो म्हणाली की ते होच असायचं, आणि तिला ज्याला नाही म्हणायचं असेल त्याला ती सरळ नाही म्हणायची. त्यामुळे तरुणपणी तिला लोक उर्मट म्हणत. केस पिकले तेव्हा तीच सगळ्यांची बु झाली, म्हणजे आई.

पलीकडच्या डोंगरावरून ती इथे लग्न होऊन आली. नवरा कार्सो दगडाच्या खाणीत कामाला होता. त्या पांढऱ्या धुळीने त्याची छाती भरली आणि तो खोकून खोकून गेला. एकुलती मुलगी दूर बाताम बेटावर कारखान्यात लागली. रुबियेमकडे राहिल्या दोन शेळ्या, कसाव्याच्या कंदांचं तुकडाभर शेत आणि महिन्यातून एकदा भरणारा वजनाचा दिवस.

वजनाचा दिवस म्हणजे तिची खरी जहागीर. सभाघराच्या आडव्या बांबूला काटा टांगायचा, जुन्या लुंगीची झोळी करायची, एकेक बाळ त्यात घालायचं, काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं आणि मग आकडा मोठ्याने सांगायचा. नंतर सगळ्यांना नारळाच्या दुधातली, ताडगुळाची मुगाची खीर. सरकारकडून ह्या कामाचं काय मिळायचं? पाच-सात वर्षांतून एकदा गणवेशाचं कापड, तेही एका पावसात रंग सोडणारं. पण अर्धी वस्ती तिच्या झोळीत लटकून मोठी झाली होती. वस्तीप्रमुख सुपोमो सभेत फार मोठ्याने बोलायला लागला की ती म्हणायची, "हळू रे, सुपोमो. तुला झोळीत मुतताना पाहिलंय मी." मग सुपोमोलाही हसावं लागायचं.

आयांचा तिच्यावर भारी विश्वास. बाळ सुकत असेल तर ती लपवायची नाही, नीट भरत असेल तर उगाच काळजी लावायची नाही. "सासू खोटं बोलेल, दवाखान्यातली बाई कंटाळा करेल, बु रुबियेमचा आकडा मात्र आकडा," असं बायका म्हणत. रुबियेमला ह्याचा अभिमान होता. दुसरं होतंच काय तिच्यापाशी अभिमान धरायला?

आणि म्हणूनच उन्हाळा तिला नकोसा व्हायचा. पाऊस थांबला, घराघरांतल्या टाक्या रित्या झाल्या की बायका खालच्या तळ्यावर जात. तळं कसलं, म्हशी लोळून उठलेली चिखलाची परात. त्या पाण्याने पोरांना खरूज व्हायची, हगवण लागायची, आणि दर उन्हाळ्यात रुबियेमच्या काट्यावर आकडे खाली यायचे. दरवर्षी गावच्या विकास सभेत ती उठून विहीर मागायची. अधिकारी म्हणायचा, "विचाराधीन आहे, बु." मग प्रत्येकाच्या हातात खाऊचा एक डबा यायचा. त्यात चिकट भाताची एक वळकटी, एक हिरवा केक आणि पाण्याचं प्लास्टिकचं पेलाभर भांडं. पाण्यासाठी भांडायला गेलेली माणसं ते पेलाभर पाणी पिऊन, डबा बगलेत मारून घरी परतायची. रुबियेम तो डबा तिथेच ठेवून यायची. तो सुपोमो उचलायचा.

अशा वेळी हार्तोयो आला. शहरातला सिमेंट-वाळूचा ठेकेदार, नवाच उभा राहिलेला. रुबियेमने भर सभेत त्याला विचारलं, "पाक, गालिचे झाले, खुर्च्या झाल्या. पाणी कोण देणार?"

हार्तोयो म्हणाला, "मी देतो. खोल भोक पाडून पंप बसवतो. पण बु, मी व्यापारी माणूस आहे. वस्ती माझ्या मागे उभी राहणार का? ह्या लोकांचं हो मला नको. हो काय, सगळेच म्हणतात. तुम्ही विचारा आणि तुम्ही मला सांगा."

बघा, माणूस मूर्ख नव्हता. कुणाच्या तोंडून हो घ्यायचं ते त्याला बरोबर कळलं होतं.

रुबियेम घरोघर फिरली. प्रत्येक दारात चहा झाला, प्रत्येक दारात होकार मिळाला. शेजारीण जुमिरा तर म्हणाली, "अगं, पाणी देणाऱ्याला नाही तर कुणाला देणार मत? जीभ झडेल माझी." हयात ह्याच माणसांत काढलेल्या रुबियेमला हे होकार किती पाण्यात आहेत हे कळायला हवं होतं. कळलं नाही. गोष्ट पोरांच्या पाण्याची होती, आणि पाण्यासाठी तरी माणसं खोटं बोलणार नाहीत असं तिला वाटलं. तिने हार्तोयोला शब्द दिला, "वस्ती तुमची."

पंप बसला. कंदुरी झाली. पिवळ्या भाताचा डोंगर, कोंबडी, तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले काप, आणि मौलवींची लांबलचक दुवा. नळाशेजारी हार्तोयोचा हसरा फोटो लागला, खाली 'सदैव तुमच्या सेवेत'. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा एकाही बाळाचा आकडा खाली आला नाही. रुबियेम काट्यासमोर उभी राहून रडली, आणि डोळ्यांत धूर गेला असं म्हणाली. चूल तर बाहेर होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी शहरातल्या एका उमेदवार बाईंची नोटांची पाकिटं वस्तीत आली. वाटली सुपोमोने. कोंबडं किती झाकलं तरी आरवायचं राहत नाही, पण वातुसारीत आरवलेलं ऐकायचं नाही अशीही रीत आहे. रुबियेमच्या दारात तो आलाच नाही. तेवढी लाज त्याला होती, किंवा झोळीची आठवण असेल.

मोजणी सभाघरातच झाली, सगळ्यांच्या देखत. अधिकारी मतपत्रिका उघडून उंच धरायचा, नाव पुकारायचा आणि जमलेली माणसं एका सुरात ओरडायची, "वैध!" जत्रेसारखी मजा होती. शहरातल्या बाईंचं नाव येत राहिलं आणि लोक ओरडत राहिले. पंपाचं पाणी पिऊन गळे चांगले मोकळे झाले होते. हार्तोयोचं नाव बोटांवर मोजण्याइतकंही आलं नाही. रुबियेम एकेका तोंडाकडे बघत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"होतं गं असं," जुमिरा घरी जाताना म्हणाली. "त्याला कुठे कळणार आहे कुणी कुणाला दिलं?"

"त्याला नसेल कळणार. मला कळलं ना."

"तू म्हणजे पण... एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

 रुबियेम घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

हार्तोयो पडला. नुसत्या वातुसारीमुळे पडला असं नाही, सगळीकडेच पडला. पण वड्याचं तेल वांग्यावर काढायला कुठलं तरी वांगं लागतंच. आठवडाभरात त्याचा ट्रक आला. तो स्वतः आला नाही, गडी पाठवले. त्यांनी पंप उपसला, पाइप उपसले, टाकी उतरवली, नळाची तोटीसुद्धा पिळून काढली. आणि शेवटी, जमिनीत राहिलेल्या भोकात त्यांनी सिमेंट ओतलं. फोटो मात्र ठेवला.

आणि वस्ती काय करत होती? वस्ती पाहुणचार करत होती! सुपोमो कंबरेवर हात ठेवून सांगत होता, "जपून रे, पाइपाला मार बसेल." जुमिरा गड्यांसाठी चहा आणि गरम गरम कसाव्याची भजी घेऊन आली.

रुबियेमने तिच्या हातातलं तबक धरलं. "चहा कुणाला पाजतेस? घर लुटायला आलेल्यांना पान वाढतेस?"

"पाहुणे आहेत गं. हळू बोल."

"भोक तरी राहू द्या रे," रुबियेम मुकादमाला म्हणाली. "पंप त्याचा असेल. जमीन तर आमची आहे."

"आम्ही हुकमाचे ताबेदार, बु," मुकादम म्हणाला आणि त्याने चहा उचलला.

पाऊस होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. टाक्या भरलेल्या होत्या. लोक त्या फोटोकडे बघून विनोदही करत. मग पाऊस गेला, टाक्या आटल्या, बायका पुन्हा तळ्यावर जाऊ लागल्या आणि वजनाच्या दिवशी काटा पुन्हा बोलू लागला. एस्ती नावाच्या तरुण पोरीचं बाळ, किनान्ती, हगवणीने असं उतरलं की झोळीत आहे की नाही ते कळेना. एस्ती ढसाढसा रडली. "बु, काहीतरी करा. तुमचं ते ऐकतील."

लोक आता वेगळंच बोलायला लागले होते. शब्द कुणी दिला होता? रुबियेमने. मग निस्तरायचं कुणी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रुबियेमला सगळं ऐकू येत होतं. तरी तिने केळ्यांचा घड आणि घरच्या तेंपेची पुडी बांधली, बस धरली आणि ती हार्तोयोच्या दारात जाऊन उभी राहिली. किनान्तीसाठी गेली. वस्तीसाठी पाऊलही उचललं नसतं तिने.

हार्तोयोने तिला बराच वेळ ओसरीवर बसवून ठेवलं. अंगणात ताडपत्रीखाली वातुसारीचा पंप पडला होता. त्यावर एक कोंबडी अंडी उबवत होती.

"बघितलात?" हार्तोयो बाहेर येऊन म्हणाला. "मला त्याचा काही उपयोग नाही. पण तिथे ठेवून तरी काय करू? लोक मला हसतात, बु. पंप बसवला आणि ओंजळभर मतं मिळाली म्हणतात."

"तुमची फसवणूक झाली हे खरं आहे, पाक. माझीही झाली. पण पोरांनी काय केलं?"

"पंप देतो परत. नवं भोकही पाडतो." त्याने केळ्यांच्या घडाकडे पाहिलं. "माझा पुतण्या आता गावच्या सरपंचपदाला उभा राहतोय. त्याला वातुसारी हवी. म्हणजे मला वस्तीशी भांडण ठेवून चालणार नाही. पण मी फसलो हे तर जगजाहीर आहे. मग मला फसवलं कुणी? वस्तीने नाही, असं ठरलं पाहिजे."

रुबियेमने घड आपल्याकडे ओढून घेतला.

"सभाघरात सगळ्यांसमोर सांगा की वस्तीने तुम्हाला काहीच कबूल केलं नव्हतं. तुम्हीच आपल्या मनाने मला खोटं सांगितलंत. बस. माझी अब्रू राहते, त्यांची राहते, पाणी येतं."

"आणि माझी?"

"बु, तुम्हाला कुठे निवडणूक लढवायची आहे?" हार्तोयो हसला. फोटोत हसतो तसाच.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं होतं, एक तरी माणूस उठेल. एक तरी म्हणेल की हे चालायचं नाही, खोटे आम्ही होतो. संध्याकाळपर्यंत तिच्या ओसरीवर वस्ती जमली. सगळे पाय पोटाशी घेऊन, नम्रपणे बसले होते.

"दोन वाक्यं तर आहेत, बु," सुपोमो म्हणाला. "तोंडाची वाफ. खरं काय ते आम्हाला माहीतच आहे की."

"माहीत आहे ना? मग तू सांग सभेत. पाकिटं कुणी वाटली तेही सांग."

सुपोमो चटईच्या काड्या मोजू लागला. बाकीचेही खाली बघू लागले. जुमिरा म्हणाली, "जुनं कशाला उकरायचं? आता सगळ्यांचं भलं कशात आहे ते बघायचं."

एस्ती पुढे सरकली. मांडीवर किनान्ती होती, डोळे खोल गेलेली. "तुमचं काय जातंय, बु? आम्हाला माहीत आहे तुम्ही कशा आहात ते. आमच्या मनात काही येणार आहे का?"

रुबियेमला त्या सगळ्यांची शिसारी आली. त्यांच्या नम्र खांद्यांची, हळू आवाजाची, खाली घातलेल्या डोळ्यांची. काठी घेऊन एकेकाला ओसरीवरून हाकलावं असं वाटलं. मग तिने बाळाचा पाय हातात घेतला. टाचेची कातडी सुटली होती.

"बोलते," ती म्हणाली. "जा आता घरी."

सभाघरात हार्तोयो नवा बातिक सदरा घालून बसला, शेजारी पुतण्या. सुपोमोने माइक हातात दिला. रुबियेम उभी राहिली. आयुष्यात त्या छपराखाली तिने जे जे सांगितलं ते खरं होतं. आता ती स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली, "वस्तीने मला काही कबूल केलं नव्हतं. मी पाक हार्तोयोंना खोटं सांगितलं. मला माफ करा."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी आधी वाजवली कुणास ठाऊक, पण मग सगळ्यांनीच वाजवल्या. हार्तोयोने मोठ्या मनाने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पुतण्याने वाकून नमस्कार केला. त्याला वस्तीने तिथल्या तिथे सांगितलं, "मत तुमचंच, मालक." मग खाऊचे डबे वाटले गेले.

नवं भोक पाडलं, पंप आला, कंदुरी झाली. रुबियेम गेली नाही. जुमिराने तिच्या घरी पानात बांधून भात पाठवला, तो तिने शेळ्यांपुढे टाकला. पाणी मात्र तिनेही भरलं. दुसरं कुठलं पिणार? पहिला घोट तिने थुंकला, मग सवय झाली.

पुढच्या वजनाच्या दिवशी तिने नेहमीसारखा काटा टांगला, झोळी बांधली, चुलीवर मूग चढवले. ह्या दिवसाची ती वाट बघत होती. तळ्याचं पाणी पिणं सुटलं होतं, आज आकडे वर येणार होते. आया आल्या. पण ओळीत काहीतरी कुजबुज चालली होती. दोन-चार जणी दुसऱ्या गावाहून इथे नव्याने नांदायला आलेल्या. त्यांनी रुबियेमला पाहिलं होतं ते एकदाच, हातात माइक धरून.

पहिली एस्ती. किनान्ती झोळीत पाय झाडत होती, अंगाला मांस धरलं होतं. काटा स्थिर झाला. रुबियेमने आकडा सांगितला, चांगला सणसणीत सांगितला, आणि एस्तीच्या तोंडाकडे पाहिलं.

एस्ती हसली नाही. मागच्या बायकांकडे एकदा बघून ती अडखळत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "बु... एवढा? नीट बघितलंत ना?"

चुलीवर मूग उतू गेले. रुबियेमने काट्याला धरलेला हात काढून घेतला आणि ती बाजूला झाली. "तूच वाच," ती म्हणाली.

एस्तीने टाचा उंचावून आकडा वाचला. तोच होता. तिने बाळ काढून घेतलं आणि खाली मान घालून ती निघाली. मग मागची बाई पुढे आली, तिने आपलं बाळ आपल्याच हाताने झोळीत घातलं आणि रुबियेमकडे न बघता काट्याला डोळे लावले. तिच्या मागचीनेही तेच केलं.